तंबूऐवजी हॅमॉक: विदर्भाच्या गावशिवारात मुक्काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकलने किंवा पायी फिरताना वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मी बऱ्याच रात्री हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत काढल्या आहेत. ज्यांच्या आवारात किंवा वावरात ही झोळी बांधली त्यांनी आणि नव्याने फिरायला लागलेल्या मुलामुलींनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

घरोघरी बाज असताना ही झोळी कशासाठी?

घरच्या अंगणात झोपायचे असेल तर बाजच उत्तम. सुतळीने किंवा नवारीने विणलेल्या बाजेला खालून हवा लागते, पाठ सरळ राहते आणि ती कुठेही उचलून ठेवता येते. मात्र बाज पाठीवर बांधून चिखलदऱ्याचा घाट चढता येत नाही. हॅमॉक, त्याचे पट्टे, मच्छरदाणी आणि वरचे छत मिळून वजन दीड ते दोन किलोच्या आसपास भरते आणि सगळे सामान एका लहान पिशवीत मावते. जमिनीपासून वर, हवेशीर झोपावे ही बाजेमागची जी समज आहे, तीच हॅमॉकमागे आहे, म्हणून आपल्याकडच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून आला. १४९२ मध्ये कोलंबसाच्या खलाशांनी तिथे अशा झोळ्या पाहिल्या आणि पुढे जहाजांवर त्यांचा सर्रास वापर सुरू झाला.

तंबूपेक्षा हॅमॉक आपल्या भागात खरोखर सोयीचे आहे का?

वर्षातले काही महिने निश्चितच आहे, आणि त्याचे पहिले कारण आपली जमीन आहे. काळ्या कापसाच्या मातीवर तंबू लावून पाहिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आलेला असतो: उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि खुंटी एकतर ठोकली जात नाही किंवा भेगेत सैल हलत राहते, पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी होते, खुंटी बोटाने उपटून येते आणि सकाळी तंबूच्या तळाला चिकटलेला चिखल तंबूइतकाच जड झालेला असतो. पऱ्हाटी (कपाशी) किंवा तुरी काढलेल्या वावरात उभे राहिलेले धसकट तर तंबूचा तळ हमखास फाडते. हॅमॉकचा जमिनीशी संबंधच येत नाही. खाली दगड असोत, चिखल असो की उतार, दोन चांगली झाडे मिळाली की पुरे.

दुसरे कारण उष्मा आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, रात्रीही जमीन तापलेलीच असते, आणि बंद तंबूत माणूस अक्षरशः उकडून निघतो. झोळीला चारही बाजूंनी आणि खालूनही वारा लागत असल्यामुळे त्याच रात्री नुसत्या मच्छरदाणीत बरी झोप लागते.

झोळीत शरीर केळ्यासारखे वाकते. पाठ दुखत नाही का?

सरळ लांबीत झोपले तर दुखते, आणि बहुतेकांचा हॅमॉकवरचा राग याच चुकीतून आलेला असतो. झोळी सैल बांधायची आणि तिच्यात तिरके झोपायचे, म्हणजे डोके मध्यरेषेच्या थोडे एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला. असे केले की कापड पाठीखाली सपाट होते आणि पाठ जवळपास बाजेवर असते तशी राहते. त्यासाठी झोळी पुरेशी मोठी हवी. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या अडीच मीटर लांबीच्या झोळीत मोठ्या माणसाला तिरके होताच येत नाही. साधारण सव्वातीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद झोळी घ्यावी. गुडघ्याखाली एखादा कपडा गुंडाळून ठेवला तर टाचांवरचा आणि गुडघ्यांवरचा ताण जातो. पालथे झोपल्याशिवाय ज्यांना झोपच येत नाही त्यांनी मात्र तंबूच वापरावा.

बांधायची कशी? अंतर, उंची आणि ताण किती ठेवावा?

हा भाग नीट समजून घ्यावा, कारण पडण्याचे बहुतेक प्रसंग येथेच घडतात.

दोन झाडांमध्ये चार ते पाच मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची पाच-सहा पावले, एवढे अंतर असावे. पट्टा खोडाला साधारण पावणेदोन मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या डोक्याच्या आसपास बांधावा आणि तेथून झोळीकडे तो आडव्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात खाली उतरावा. मोजायला साधन नसते, म्हणून एक अदमास सांगतो: झाडापासून एक मीटर पुढे आल्यावर पट्टा हातभरापेक्षा थोडा जास्त, सुमारे ५८ सेंटीमीटर खाली आलेला असावा. आपण बसल्यावर झोळीचा तळ खुर्चीइतक्या, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आसपास उंचीवर आला पाहिजे. याहून उंच बांधण्यात कसलाही फायदा नाही. पडल्यावर लागणार तेवढे जास्त.

झोळी घट्ट, सरळ ताणून बांधावी असे नवख्या माणसाला वाटते, कारण ती तशी नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात कोन जितका कमी तितका पट्ट्यावरचा ताण वाढतो. ७० किलो वजनाचा माणूस ३० अंशांच्या कोनात शांत झोपला असेल तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर सुमारे ७० किलोचाच ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आणला तर ताण २०० किलोंवर जातो आणि ५ अंशांवर सुमारे ४०० किलो होतो. कुशीवर वळताना बसणारा हिसका त्यावर वेगळा. ओल्या कपड्यांनी भरलेली वाळवणाची दोरी घट्ट ताणली की खिळाच उपटून येतो, तोच हा प्रकार आहे.

आत शिरताना आधी हाताने दाबून पाहावे, मग मधोमध बसावे, मग पाय वर घेऊन तिरके व्हावे. उडी मारून बसू नये.

कोणत्या झाडाला बांधावे आणि कोणत्या झाडाला बांधू नये?

माझ्या मते हॅमॉकचा सगळा सुखदुःखाचा हिशेब झाडावर ठरतो, म्हणून मुक्कामाच्या जागी उजेडी पोहोचावे आणि पाच-दहा मिनिटे फक्त झाडे पाहण्यात घालवावीत. खोड जिवंत, सरळ आणि निदान मांडीएवढे जाड असावे. चिंच, कडूनिंब, आंबा, ऐन ही झाडे भरवशाची आहेत. साग सरळ आणि बळकट असला तरी लागवडीतल्या सागाच्या ओळी बहुधा दोन-दोन मीटरवर असतात, तेव्हा एक-दोन झाडे सोडून पुढचे झाड धरावे लागते. शिवाय उन्हाळ्यात तो पाने टाकतो, त्यामुळे दुपारच्या सावलीसाठी त्याचा उपयोग नाही.

शेवगा आणि पांगारा यांच्यावर विश्वास ठेवू नये, त्यांचे लाकूड ठिसूळ असते. पहिल्या वर्षी मी एका धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) शेवग्याला पट्टा बांधला होता आणि पहाटे ते झाड बुंध्यापासून कडकडून मोडले. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण ज्या घराला त्या शेंगांचे चार पैसे मिळत होते त्यांचे झाड गेले, आणि ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. बिब्याच्या झाडापासून दूरच राहावे, कारण त्याचा चीक अंगाला लागला की बिबा उततो, म्हणजे अंगावर फोड येतात. काटेसावर आणि बाभूळ पट्टाही खराब करतात आणि हातही.

खोड पाहिल्यानंतर मान वर करून फांद्या पाहाव्यात. वाळलेली, अडकून राहिलेली फांदी डोक्यावर असेल तर जागा बदलावी. उंच झाडांवर आग्या मोहोळ आहे का हे पाहावे. असेल तर तेथे थांबूही नये आणि जवळपास शेकोटीचा धूर तर अजिबात करू नये. पाने शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतील तर त्या पट्ट्यावरून थेट झोळीत येतात.

मोहाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. मोहाचे झाड मजबूत आहे, पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की त्याच्याखाली मुक्काम करू नये. ती फुले खायला रात्री अस्वल येते. पहाट होण्याआधीच गावातली माणसे फुले वेचायला येतात आणि त्यांच्या रोजीच्या जागेत आपण पसरलेलो असतो.

झाडाला इजा होते का?

बारीक नायलॉन दोरीने होते, कारण ती सालीत रुतते आणि सालीच्या आतून जाणारा झाडाचा अन्नरसाचा मार्ग चेपतो. निदान अडीच सेंटीमीटर रुंद, पॉलिएस्टरचा पट्टा वापरावा. नायलॉनचा पट्टा ओला झाल्यावर ताणला जातो आणि पहाटे झोळी जमिनीला टेकते. खिळा ठोकणे किंवा साल तासणे कोणत्याही झाडाच्या बाबतीत करू नये.

वरूड, मोर्शी, काटोल भागात संत्र्याच्या बागा आहेत. तेथे बांधता येईल का?

नाही. बागेत झाडांमधले अंतर साधारण सहा मीटर असते आणि खोड तोकडे असते, हे तर झालेच. पण खरे कारण असे की संत्र्याच्या खोडाला थोडीही जखम झाली तर डिंक्या रोगाला वाट मिळते. एका रात्रीच्या झोपेसाठी शेतकऱ्याने वर्षानुवर्षे जोपासलेल्या झाडाला धोका पोहोचवणे कोणत्याही प्रकारे योग्य नाही. बागेच्या कडेला कडूनिंब किंवा आंबा बहुधा असतोच. मालकाला विचारून तेथे बांधावे.

झाडेच नसतील तर?

कापूस-सोयाबीनच्या मोकळ्या पट्ट्यात ही अडचण नेहमी येते. गोठ्याचे जाड लाकडी खांब जमिनीत खोल पुरलेले असतील तर चालतात. एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला उभा ट्रॅक्टर हाही पर्याय आहे, मात्र ट्रॅक्टरच्या चाकांना दगड लावलेले असावेत आणि सकाळी कोणी तो न पाहता सुरू करणार नाही याची चालकाकडून खात्री करून घ्यावी. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणतारेला कधीही बांधू नये. विटांच्या कच्च्या भिंतीचा आणि गेटच्या सुट्या खांबाचाही भरवसा धरू नये, कारण असा खांब झोपलेल्या माणसाच्या अंगावरच येतो.

साप-विंचवाची भीती कमी होते का?

होते, आणि आपल्या भागात हा हॅमॉकचा मोठा गुण मानावा लागेल. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्यांना तिचा दंश होण्याचे प्रसंग खेड्यापाड्यांत घडतात. तिच्या दंशाच्या जागी वेदना आणि सूज फारशी नसते, म्हणून झोपेत तो कळतही नाही. जमिनीपासून वर आणि मच्छरदाणी पूर्ण बंद करून झोपल्याने हा धोका बराच घटतो. चेन नीट लावलेला तंबूही हेच काम करतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

धोका उरतो तो उतरताना. रात्री लघवीला उठलात तर आधी टॉर्चने खालची जमीन पाहावी आणि मगच पाय टेकवावा. चपला-बूट जमिनीवर ठेवू नयेत. ते दोरीला अडकवावेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत. पट्ट्याला लागून सरपण किंवा तणसाचा ढीग नसावा. दंश झालाच किंवा तशी शंका आली तरी मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशावरची लस असलेले सरकारी रुग्णालय गाठावे.

आणि डास?

पातळ कापडातून डास खालूनही चावतात, हे अनेकांना पाठ सुजल्यावरच कळते. दुहेरी कापडाची झोळी घ्यावी किंवा खाली पातळ चटई टाकावी. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात मच्छरदाणीशिवाय एकही रात्र काढू नये.

वाघ-बिबट्याच्या भागात हॅमॉकमध्ये झोपणे सुरक्षित आहे का?

नाही, आणि तंबूही सुरक्षित नाही. कापडाची भिंत असो वा कापडाची झोळी, ती जनावराला अडवत नाही. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि मेळघाट यांच्या भोवतीच्या गावांमध्ये लोक अंधार पडल्यावर घराबाहेर जपून वावरतात. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेल्यांवर हल्ले झालेले आहेत. ज्या जंगलाच्या कडेला गावकरी स्वतः उघड्यावर झोपत नाहीत, तेथे पाहुण्याने झोपू नये. अशा ठिकाणी गावात, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात, लोकांच्या सोबतीने आणि सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगून थांबावे.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात शिरण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. राखीव जंगलातही वनविभागाला न विचारता मुक्काम करता येत नाही. विचारून केलेल्या मुक्कामाला लोक मदतच करतात, असा माझा तरी अनुभव आहे.

शेताच्या जागलीसाठी, म्हणजे रात्रीच्या राखणीसाठी, मचाणाऐवजी हॅमॉक वापरता येईल का?

हा प्रश्न मला शेतकऱ्यांनीच सर्वांत जास्त विचारला आहे, कारण मचाण उभारायला बांबू, माणसे आणि दोन दिवस लागतात. माझे उत्तर नाही असेच आहे. हॅमॉक सुरक्षितपणे बांधायचे तर ते गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधावे लागते, आणि त्या उंचीवर माणूस रानडुकरांच्या आणि बिबट्याच्या अगदी तोंडासमोर येतो. शिवाय झोळीतून चटकन उठताही येत नाही. मचाणाएवढे वर बांधले तर झोपेत पडून मणका मोडण्याची भीती आहे. जागलीला मचाणच योग्य.

यातच जोडून फिरणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना: रोही (नीलगाय) आणि डुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणात चोरून थेट वीज सोडलेली असते. ते बेकायदेशीर आहे, तरीही अशा तारांना लागून माणसे मेलेली आहेत. म्हणून अंधारात अनोळखी वावरातून, धुऱ्यावरूनसुद्धा, मालकाला विचारल्याशिवाय चालू नये.

हिवाळ्यात जाड पांघरूण घेऊनही पाठ गार का पडते?

कारण पांघरुणाची ऊब त्याच्या फुगीरपणात, त्यात अडकलेल्या हवेत असते. अंगाखालचे पांघरूण वजनाने दबून सपाट होते, ती हवा निघून जाते आणि खालून वाहणारा वारा थेट पाठीला लागतो. उन्हाळ्यात हॅमॉकचा जो गुण होता तोच येथे दोष ठरतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरात तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा रात्री खालून काही न लावता झोळीत झोपण्याचा हट्ट धरू नये.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय म्हणजे झोळीत फोमची चटई टाकणे. ती दबत नाही, पण रात्री सरकते. अधिक चांगला उपाय म्हणजे झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला दुसरे पांघरूण टांगणे. यासाठी विकत मिळणारे खास पांघरूण महाग असते, म्हणून मी घरच्या चादरीत जुनी रजई घालून तिची चार टोके पट्ट्यांना बांधतो. ते झोळीला हलकेच टेकले पाहिजे. फार सैल राहिले तर मधून वारा जातो आणि फार घट्ट झाले तर पुन्हा दबते. दोन-तीन रात्रींत हाताला अंदाज येतो.

पावसात काय करावे?

वर छत हवेच. तीन मीटर बाय तीन मीटरचे कापड कर्णावर धरून बांधले तर झोळीची दोन्ही टोके झाकली जातात. घरातली शेतीची ताडपत्रीही चालते, फक्त ती जड असते. छत नीट असूनही पाणी पट्ट्यावरून ओघळत झोळीत येते. त्यासाठी छताच्या आत, पट्ट्याला सुती दोऱ्याचा तुकडा लोंबता बांधावा. पाणी त्यावरून खाली टपकते. छताच्या दोऱ्यांना ओल्या काळ्या मातीत छोट्या खुंट्या टिकत नाहीत, तेव्हा हातभर लांबीच्या बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात किंवा दोऱ्या झुडपांना आणि मोठ्या दगडांना बांधाव्यात.

विजांचे काय?

विजांचा कडकडाट सुरू झाला की झोळी तशीच सोडून पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जावे. येथे दुसरा मार्ग नाही. हॅमॉकला झाड लागते, आणि मोकळ्या शिवारातले एकटे उंच झाड हेच विजेचे पहिले ठिकाण असते. उन्हाळ्याच्या शेवटी संध्याकाळी आभाळ भरून येते, वावधन (वादळी वारा) सुटते आणि अर्ध्या तासात विजा चमकू लागतात. शेतात झाडाखाली आसऱ्याला थांबलेली माणसे दरवर्षी याच काळात दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, ते फोनमध्ये ठेवावे. मे महिन्याच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत, जवळ पक्के घर नसेल तेथे मी स्वतः झोळी बांधत नाही.

दोघांनी एका झोळीत झोपावे का? लहान मुलांचे काय?

दोघांची म्हणून विकली जाणारी झोळी एकालाच प्रशस्त होते. दोघे एकमेकांवर घरंगळतात. लहान मुलांना तिच्यात एकटे झोपवू नये आणि मोकळ्या दोऱ्यांशी खेळू देऊ नये, कारण गळ्याला फास बसण्याचा धोका खरा आहे.

घरच्या साडीची किंवा चादरीची झोळी करून भागेल का?

दुपारी घटकाभर पडण्यासाठी, नव्या आणि मजबूत कापडाची असेल तर. रात्रभराच्या मुक्कामासाठी नको. जुने सुती कापड गाठीजवळ विरलेले असते आणि एकदम फाटते.

मग तंबू कधी घ्यावा?

लहान मुले सोबत असतील, झाडांविना उघडा मुक्काम असेल, कडाक्याची थंडी असेल, किंवा पाठीचे जुने दुखणे असेल तेव्हा तंबू घ्यावा. मी स्वतः ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत झोळी नेतो. आणि गावात कोणी आपुलकीने बाज टाकून दिली, तर झोळी पिशवीतून बाहेर काढत नाही.